आई-बाबा हिवाळ्यात येणार असतील तर

आम्ही गरम कपडे आणि बर्फात चालायचे बूट भाड्याने देतो. आमचे बहुतेक ग्राहक परदेशात स्थिरावलेले आहेत आणि त्यांच्याकडे ऐन थंडीत उबदार देशातून कुणीतरी येणार असतं: आई-बाबा, सासू-सासरे, कधी मावशी, कधी आत्या. दोन-अडीच महिन्यांसाठी सगळं नवं घ्यायचं आणि मग ते कपाटात पडून राहायचं, हे टाळायला लोक आमच्याकडे येतात. हे पत्रक सामानाबरोबर देतोच, पण त्याचा खरा उपयोग पाहुण्यांचं विमान निघण्याच्या तीन आठवडे आधी आहे. जमलं तर आजच वाचा.

पहिला आठवडा कौतुकात जातो. मग तुम्ही कामावर, मुलं शाळेत आणि घरात दोन ज्येष्ठ माणसं खिडकीशी. बाहेर पडायचं तर कोट कुठला, बूट कुठले, दार कसं लागतं, पाय घसरला तर काय, सगळ्याला तुमची वाट पाहायची. संध्याकाळी तुम्ही घरी येता तोवर अंधार पडलेला असतो. अशा घरांतून आम्हाला एकच वाक्य ऐकू येतं, “त्यांना इथे करमत नाही.” थंडीची तक्रार मागे राहते.

म्हणून आमची तयारीची कसोटी साधी आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पाहुण्यांना, घरात कुणी नसताना, स्वतः कपडे घालून, दार उघडून, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येता आलं पाहिजे. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे. वय किंवा तब्येतीमुळे कुणाला एकटं जाणं शक्य नसेल, तर सोबतीने; पण रोज.

आधी बूट, मग कोट

लोक कोटाची चौकशी करत येतात. आम्ही आधी पाय विचारतो. कोट एखाद्या मापाने मोठा असला तरी चालतो, बूट चुकला की माणूस घरात बसतो.

हे आम्ही चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाच्या आईंना आम्ही उत्तम बूट दिले: आतून लोकर, तळव्याला खोल खाचा, माप अचूक. तीन आठवड्यांनी बूट जवळजवळ कोरे परत आले. त्यांच्या बोटांना संधिवात होता आणि बुटाची चेन घोट्यापाशी इतकी घट्ट होती की ती त्यांना ओढता येत नव्हती. मुलगी घरी असली तरच त्या बाहेर जायच्या, आणि रोज मदत मागणं त्यांच्या जिवावर यायचं. आम्ही मापं घेतली होती, बोटांबद्दल विचारलंच नव्हतं. त्या घराचे तीन आठवडे आमच्यामुळे वाया गेले, याची खंत आजही आहे. आता प्रत्येक चेनला आम्ही अंगठा जाईल एवढी दोरीची कडी बांधून देतो, आणि वाकता येत नसेल तर लांब दांड्याचा बूट-चमचा सोबत देतो.

माप असं पाठवा. पाहुण्यांना संध्याकाळी, जाड पायमोजे घालून, कोऱ्या कागदावर उभं राहू द्या. दिवसभरात पाऊल थोडं फुगतं, म्हणून सकाळचं माप फसवतं. दुसऱ्या कुणीतरी पेन अगदी सरळ उभं धरून कडेने रेघ काढावी. दोन्ही पावलांची, कारण दोन्ही सारखी असतातच असं नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं आणि चवड्याच्या रुंदीचं माप सेंटिमीटरमध्ये लिहा. बुटांचे नंबर देशोदेशी वेगळे असतात, सेंटिमीटर सगळीकडे तोच.

बुटात बोटांपुढे साधारण 1 सेंटिमीटर जागा हवी आणि बोटं हलली पाहिजेत. “थंडी वाजते” म्हणून पायमोज्यांच्या दोन जोड्या कोंबू नका. पाय आवळला की रक्त नीट पोचत नाही आणि तो उलट लवकर गार पडतो. लोकरीची एकच जाड जोडी पुरते.

कपडे थरांनी

अंगाला लागून थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारा कोट. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. म्हणून दोन पातळ स्वेटर एका जाडजूड स्वेटरपेक्षा बरे, आणि दुकानात शिरल्यावर एक काढताही येतो.

सर्वांत आतला थर सुती नको. हे ज्येष्ठांना पटवणं अवघड जातं, कारण आयुष्यभर सुती बनियनच अंगाला मानवलेलं असतं. पण सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि पाणी हवेपेक्षा 20 पटींहून जास्त वेगाने उष्णता ओढून नेतं. चालताना घाम आला, मग बसथांब्यावर पाच मिनिटं उभं राहिलं, की हुडहुडी भरते ती त्या ओल्या बनियनमुळे. लोकर टोचत असेल तर कृत्रिम धाग्याचं थर्मल घ्या, आमच्याकडे दोन्ही आहेत. थर्मल मात्र आम्ही भाड्याने देत नाही, विकतच देतो.

बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त गरम राहतात. कानटोपी हवीच, कारण कान सगळ्यात आधी गारठतात. पण शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे जे सांगितलं जातं, ते खरं नाही. उघडा राहील तो प्रत्येक भाग उष्णता घालवतो.

निघण्याआधी तापमानाच्या जोडीला वाराही बघा. उणे 10 अंश आणि ताशी 30 किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 20 सारखं लागतं. अशा दिवशी फेरी छोटी करा, वारा पाठीवर घेऊन परत येता येईल अशी.

दारापाशी

या जागेकडे लोक लक्षच देत नाहीत. दाराजवळ एक पक्की, न हलणारी खुर्ची ठेवा. बूट उभ्याने घालता येत नाहीत, भिंतीला टेकून एका पायावर तोल सांभाळताना बरेच जण घरातच पडतात. पाहुण्यांच्या कोटासाठी त्यांच्या उंचीचा वेगळा खुंटा, मोज्यांसाठी टोपली, बुटांखाली ओल धरणारी पायपुसणी. आतला दिवा बाहेरून आल्यावर चटकन लावता येईल असा.

स्वतंत्र किल्ली द्या. कुलूप बाहेरून आपोआप लागत असेल, तर ते तुमच्यासमोर पाच वेळा उघडून-लावून पाहू द्या, हातमोजे घालून एकदा. कोटाच्या आतल्या खिशात एक कार्ड: घराचा पत्ता, तुमचा फोन नंबर, त्या देशातला तातडीचा क्रमांक, चालू औषधांची नावं. मोबाइलही आतल्याच खिशात, कारण गारठ्यात बॅटरी अचानक मान टाकते.

बर्फावरून चालताना

ताजा, भुसभुशीत बर्फ तितकासा धोक्याचा नसतो. पाडतो तो काचेसारखा पातळ थर, जो ओल्या रस्त्यावर डांबरासारखाच काळा दिसतो. शून्याच्या आसपास, दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलं की तो तयार होतो. “आज थंडी कमी आहे” म्हणून निर्धास्त व्हावं असा हा दिवस नाही.

पावलं छोटी टाका, तळवा सपाट ठेवा, पायाचे चवडे किंचित बाहेर, गुडघे सैल, हात खिशाबाहेर. पहिल्या दिवशी तुम्ही सोबत चाला आणि मुद्दाम हळू चाला; पाहुणे तुमच्या वेगाशी जुळवून घ्यायला जातात आणि तिथेच घसरतात. बुटांवर चढवायचे काटे आम्ही मागाल तर देतो, मात्र ते घालून फरशीवर, दुकानात किंवा जिन्यात चालू नका, तिथे ते जास्त घसरतात.

दारासमोर मीठ टाकत असाल तर उणे 9 अंशांच्या खाली साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा वाळू टाका.

एक कळकळीची विनंती. बाबांच्या हातात बर्फ काढायचं फावडं देऊ नका. त्यांना मदत करावीशी वाटणारच, आणि ते मागेही लागतील. पण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि त्यात ओल्या बर्फाचं ओझं उचलणं हा हृदयावर दुहेरी ताण आहे. दुसरं काम द्या. रोज सकाळी दारासमोर वाळू टाकायचं काम त्यांचं, असं ठरवून टाका.

घरातली हवा

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घरांविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत थंडीत घर किमान 18 अंशांवर ठेवावं असं म्हटलं आहे, आणि ज्येष्ठांसाठी त्याहून थोडं जास्त लागू शकतं. पाहुण्यांच्या खोलीतला हीटर त्यांना स्वतः कमी-जास्त करता यायला हवा. ते बिलाच्या काळजीने बोलत नाहीत, रात्री अंग चोरून झोपतात. तुम्हीच विचारा.

घसा कोरडा, ओठ फुटलेले, नाकातून रक्ताचा एखादा थेंब, दाराच्या मुठीला हात लावताच झटका: हे सगळं कोरड्या हवेचं काम. शून्य अंशाची हवा एका घनमीटरमध्ये जेमतेम 5 ग्रॅम बाष्प धरू शकते, 20 अंशांची सुमारे 17 ग्रॅम. बाहेरची हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली घसरते. ह्युमिडिफायर असेल तर 40 टक्क्यांच्या आसपास ठेवा, त्याहून फार वर नको, नाहीतर खिडक्यांना पाणी सुटतं आणि कोपऱ्यात बुरशी धरते. अंघोळ कोमट, त्यानंतर लगेच अंगाला तेल किंवा व्हॅसलीन. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाणी डोळ्यांसमोर ठेवा.

बंद खोलीत शेगडी, कोळसा काहीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि माणूस झोपून जातो. त्याचा इशारा देणारं यंत्र घरात नसेल तर आधी ते बसवा.

उजेड आणि झोप

उत्तरेकडे 50 अक्षांशांवर डिसेंबरअखेर दिवस सुमारे 8 तासांचा असतो, 60 अक्षांशांवर 6 तासांहूनही कमी. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या वेगाने जुळतं, म्हणजे दहा तासांचा फरक असेल तर आठवडाभर पाहुणे पहाटे तीनला जागे असणार. त्यांना झोपा म्हणून दामटू नका. उजेड असेपर्यंतची फेरी हाच यावर सगळ्यात चांगला उपाय आहे.

औषधं

मुक्कामाला पुरून आठवडाभर उरतील इतकी, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत मुळीच नको, गोठलं की ते निकामी होतं. पॉवर बँकही हातातच लागते. विमा काढताना आधीपासून असलेल्या आजारांचं कलम पूर्ण वाचा, वाद तिथेच होतात.

हे दिसलं तर थांबू नका

बोटं, कान किंवा नाक पांढुरकं, मेणासारखं, बधिर झालं तर आत या. चोळू नका, शेकोटीजवळ धरू नका. 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा. बोलणं अडखळतंय, माणूस गोंधळलाय, अंग गार आहे, तर तातडीचा क्रमांक लावा. वयस्कर माणूस अशा वेळी कुडकुडेलच असं नाही.

आमच्याकडून काय मिळेल

मापं तीन आठवडे आधी मिळाली तर सामान पाहुण्यांच्या आधी घरी पोचतं. एक कोट आणि बूट विमानतळावर घेऊन जा, गाडीपर्यंतची वाट हीच त्यांची पहिली थंडी असते. पहिल्या आठवड्यात माप बदलून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. बूट घालताना त्रास होतोय असं वाटलं तर पाहुण्यांनी स्वतः आम्हाला फोन करावा, मराठीतून बोलावं.

परत देताना काही धुऊ नका, आम्ही धुतो. फक्त आतले खिसे तपासा. पत्त्याचं कार्ड आणि घराची किल्ली बहुतेक वेळा तिथेच राहिलेली असते.