‘एक चतुर नार’ आणि मालाडचे सूर : किशोरकुमारच्या विनोदपटांतल्या खुणांची पार्श्वभूमी

किशोरकुमारच्या चाहत्यांमध्ये एक खेळ वर्षानुवर्षं चालत आला आहे. त्याचा एखादा विनोदी चित्रपट लावायचा आणि गाण्यात, मधल्या बडबडीत, नुसत्या गुणगुणण्यातही कुठला जुना सूर डोकावतो ते ओळखायचं. ‘चलती का नाम गाडी’तलं पावणेसहा रुपयांचं पालुपद म्हणजे इंदूरच्या कॉलेजमधली कँटीनची उधारी, ही आख्यायिका तर आता नवशिक्यालाही पाठ असते. ‘हाफ टिकट’मध्ये एकाच गाण्यात बाई आणि बुवा असे दोन्ही आवाज त्याचेच, हेही सगळ्यांना ठाऊक. खरी परीक्षा सुरू होते ती ‘झुमरू’ आणि ‘पडोसन’पासून.

‘पडोसन’ १९६८चा. समोरासमोरच्या दोन खिडक्या, एका खिडकीत मुलीला गाणं शिकवणारे मास्तरजी, दुसरीत नुसते ओठ हलवणारा भोला आणि त्याच्या मागे दडून गाणारा विद्यापती. मास्तरजींचा आवाज मन्ना डेंचा, विद्यापती स्वतः किशोर. ‘एक चतुर नार’ ही त्या खिडक्यांमधली लढाई. मन्ना डे सरगमीवर सरगम रचत जातात, ताना घेतात, आणि किशोर शास्त्राच्या वाटेला न जाता हुंकार, खाकरणं, भलत्याच जागी टाकलेला शब्द अशा हत्यारांनी त्यांची लय हलवून सोडतो. शेवटी मास्तरजी ‘घोडा’ आणि ‘चतुर’ या दोन शब्दांच्या मध्ये असे काही अडकतात की सम कुठे गेली हे त्यांनाच कळेनासं होतं. आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत वाढलेल्या माणसालाही हे हसू येतं, कारण फजिती बरोबर समेवर होते.

पण हे गाणं कानाशी धरून ऐकलं की त्यात दुसऱ्या गाण्यांचे तुकडे सापडायला लागतात. मुखडा सरळ १९४१च्या ‘झूला’मधला. तिथे तो अशोककुमार गातो, शब्द तेच आणि चालीचं वळणही ओळखू येण्याजोगं. पुढे ‘काला रे, जा रे जा रे’ अशी जी हेटाळणी येते, ती १९४८च्या ‘जिद्दी’मधल्या लताबाईंच्या ‘चंदा रे जा रे जा रे’ची आहे. चंद्राला घातलेली आर्त साद इथे काळ्या मास्तरजींवर उलटवली आहे. आणि ‘देखी तेरी चतुराई’ या जागेशी जाणकार ‘संत तुलसीदास’मधलं (१९३९) ‘बन चले राम रघुराई’ ठेवतात. ते गाणारे विष्णुपंत पागनीस, म्हणजे आपले ‘संत तुकाराम’मधले तुकोबा. एका विनोदी गाण्यात तीन जुनी गाणी, आणि तीही कुठे जोड न दिसता बसवलेली.

‘झुमरू’ त्याआधीचा, १९६१चा. नायक किशोर, संगीतही किशोरचंच. याहू-यॉडलिंगचा सगळा दंगा चालू असताना मध्येच ‘कोई हमदम ना रहा’ येतं आणि चित्रपटाचा श्वास एकदम बदलतो. हे गाणं १९३६च्या ‘जीवन नैया’तलं. अशोककुमारचा नायक म्हणून तो पहिला चित्रपट. तेव्हा खांडव्याच्या घरातला त्याचा धाकटा भाऊ किशोर सहा-सात वर्षांचा होता. ‘झूला’ आला तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. थोरल्या भावाच्या तबकड्या ऐकत मोठा झालेला मुलगा पंचवीस वर्षांनी त्यातलं एक गाणं तसंच मनापासून गातो आणि सत्तावीस वर्षांनी दुसऱ्याची धमाल उडवून देतो. चाहत्यांना हे भावाभावाचं नातं फार आवडतं, आणि आवडावं असंच ते आहे.

मात्र या खुणा नकाशावर मांडल्या तर त्या एका माणसाकडे कमी आणि एका जागेकडे जास्त जातात. ‘जीवन नैया’, ‘झूला’, ‘जिद्दी’ हे तिन्ही चित्रपट मालाडच्या बॉम्बे टॉकीजचे. अशोककुमार तिथे प्रयोगशाळेत काम करत होता. नायक ऐन वेळी बाद झाला म्हणून त्याला कॅमेऱ्यापुढे उभं केलं गेलं. ‘जिद्दी’मध्ये संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी किशोरला पहिलं एकल गाणं दिलं, सैगलच्या छापाचं. लोकल गाडीतून आपल्या मागोमाग उतरलेला आणि टांग्यानेही मागोमाग थेट स्टुडिओपर्यंत आलेला तो अनोळखी तरुण कोण, असा प्रश्न लताबाईंना पडला होता, तो किस्साही मालाडच्याच वाटेवरचा. ‘पडोसन’मध्ये किशोर ज्यांची गंमत करतो ते त्याच्या घरचे, शेजारचे आणि पहिल्या नोकरीच्या ठिकाणचे सूर आहेत.

आणि इथेच चाहत्यांचा शोध थांबतो. ‘मूळ गाणं दादामुनींचं’, म्हणजे अशोककुमारचं, एवढं सांगितलं की समाधान होतं. ते गाणं बांधलं कोणी, हा प्रश्न क्वचितच पुढे येतो. ‘जीवन नैया’ आणि ‘झूला’ या दोन्हींचं संगीत सरस्वतीदेवी यांचं.

सरस्वतीदेवी म्हणजे खुर्शीद मिनोचर-होमजी. मुंबईच्या पारशी घरातला जन्म, १९१२चा. गाण्याची तालीम पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्याकडे, पुढे लखनौच्या मॅरिस कॉलेजात. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झालं आणि खुर्शीद आणि तिची बहीण माणेक यांचं गाणं तिथून घराघरांत पोहोचलं. बॉम्बे टॉकीजचे संस्थापक हिमांशू राय यांनी त्यांना मालाडला आणलं तेव्हा पारशी समाजातून मोठा विरोध झाला. आपल्या मुली सिनेमात जाणार, हे अनेकांना सहन होईना. म्हणून खुर्शीदची सरस्वतीदेवी झाली, बहीण माणेकची चंद्रप्रभा झाली. १९३५च्या ‘जवानी की हवा’पासून त्यांचं काम सुरू झालं. पुढच्याच वर्षीच्या ‘अछूत कन्या’मधली वनातली चिमणी, म्हणजे ‘मैं बन की चिड़िया’ हे गाणं, आजही लोकांच्या ओठांवर आहे.

त्यांच्यापुढची अडचण अशी की गाणारे गवई नव्हते. पार्श्वगायन अजून रुळलेलं नव्हतं, अशोककुमार आणि देविकाराणी यांनाच गायचं होतं, आणि दोघांच्याही गळ्याला तालीम नव्हती. भातखंड्यांकडे रागदारी शिकलेल्या बाईने मग मोजक्या सुरांत फिरणाऱ्या, छोट्या टप्प्यांच्या, पहिल्या ऐकण्यात लक्षात राहणाऱ्या चाली केल्या. सोपेपणा तिथे गरजेतून आला. त्याच सोपेपणामुळे खांडव्यातल्या एका पोराला त्या चाली तोंडपाठ झाल्या, आणि म्हणूनच पुढे विनोदी गाण्यात त्यांचा एक तुकडा टाकला तरी तो ओळखू येतो. अवघड चाल असती तर थट्टेत तिचा चेहरा हरवला असता.

श्रेयाचा वाद इथून सुरू होतो. ‘पडोसन’च्या श्रेयनामावलीत संगीतकार एकच, राहुलदेव बर्मन, म्हणजे पंचम. ‘झुमरू’त एकच, किशोरकुमार. एका बाजूचं म्हणणं असं की हा प्रेमाने केलेला सलाम आहे आणि सलाम करताना कोणी पावती फाडत नाही. ‘पडोसन’च्या बाबतीत या म्हणण्यात दम आहे. मुखडा जुना असला तरी जुगलबंदीची सगळी मांडणी, दोन ढंगांची टक्कर, ठेक्याची पळवापळवी, मध्येच उठणारे आरडाओरडे हे पंचमचं आणि त्या दोन गायकांचं आहे. ‘झूला’तलं गाणं ऐकून कोणालाही ‘पडोसन’ सुचलं नसतं. शिवाय आपल्या संगीतात एखाद्या बंदिशीचा मुखडा उचलून पुढचा विस्तार स्वतःचा करणं ही जुनी रीत आहे, त्याला कोणी चोरी म्हणत नाही.

‘झुमरू’ला हे समर्थन पुरत नाही. तिथे मुखड्याचे शब्द तेच, चाल तीच, भावही तोच. विस्ताराने गाणं वेगळं झालेलं नाही. किशोरने ते अप्रतिम गायलं आहे आणि अनेकांना ते मूळ गाण्याहून जास्त भिडतं, पण गाण्याचा गुण वेगळा आणि बांधणीचं श्रेय वेगळं. भावाची आठवण म्हणून गाताना भावाचं नाव प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक कार्यक्रमात निघालं. चाल बांधणारीचं निघालं नाही. दोन्ही चित्रपट आले तेव्हा सरस्वतीदेवी हयात होत्या. त्यांचं निधन १९८०चं.

त्या काळच्या व्यवहारात यात काही वावगं मानलं जात नव्हतं, हेही नोंदवायला हवं. बॉम्बे टॉकीजमध्ये संगीतकार, लेखक, नट सगळेच पगारावर होते. जे बनेल ते कंपनीचं. ती कंपनी पन्नाशीच्या दशकात बंद पडली, मग परवानगी मागायची तर कोणाकडे? १९५७च्या कॉपीराइट कायद्यानंतरही चित्र फारसं बदललं नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने मोबदला देऊन करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच, वेगळा करार नसेल तर. संगीतकार आणि गीतकारांना स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) हक्काचा वाटा मिळावा अशी दुरुस्ती व्हायला २०१२ उजाडलं. ज्या पिढीने मालाडच्या त्या चाली बांधल्या तिच्यातलं तोवर कोणी उरलं नव्हतं.

चाहत्यांनाही आधी हे कळायचा मार्ग नव्हता. ‘पडोसन’ पाहणाऱ्या प्रेक्षकाने ‘झूला’ पाहिलेला असला तर तो वडीलधारा, बाकीच्यांना दुवा होता तो रेडिओ सिलोनवरच्या सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा, ज्याची सांगता रोज सैगलने व्हायची, आणि विविध भारतीवरच्या ‘भूले बिसरे गीत’चा. तिथे निवेदक चित्रपटाचं आणि गायकाचं नाव ठळकपणे सांगत, म्हणून गायक डोक्यात राहिला. १९८० पासून कानपूरच्या एका संशोधकाने स्वतःच्या हिमतीवर हिंदी चित्रपटगीतांचा कोश खंडाखंडाने छापायला घेतला. चित्रपट, गाणं, गायक, गीतकार, संगीतकार असं सगळं एका ओळीत पहिल्यांदाच हाताशी आलं. पुण्यामुंबईच्या संग्राहकांच्या कपाटांत हे जाडजूड खंड आजही मानाच्या जागी दिसतात. त्यानंतर यूट्यूब आलं आणि ‘झूला’ व ‘पडोसन’ लागोपाठ ऐकणं अर्ध्या मिनिटाचं काम झालं.

दरम्यान विनोदपटांनीच चाहत्यांसाठी खुणा पेरायला सुरुवात केली. ‘अंदाज अपना अपना’ (१९९४) हे त्यातलं पहिलं मोठं उदाहरण. महमूद त्यात ‘वाह वाह प्रॉडक्शन्स’चा मालक म्हणून येतो, आणि ही कंपनी म्हणजे १९६६च्या ‘प्यार किए जा’मधली त्याचीच. त्या चित्रपटात किशोरही होता. ‘ऐलो ऐलो’ गाण्याचा ठेका तर उघड उघड ओ. पी. नय्यर यांचा, टांग्याच्या चालीवर झुलणारा. इथे चाल कोणाचीच उचललेली नाही, फक्त ढंग घेतला आहे, आणि ढंगावर मालकी सांगता येत नाही. नय्यर तेव्हा हयात होते, ‘निश्चय’ आणि ‘जिद’ घेऊन त्याच काळात स्वतःही परतले होते. चित्रपट तिकीटबारीवर पडला, पण व्हिडिओ आणि केबलवर पुन्हापुन्हा पाहिला गेला, आणि ओपींच्या चाहत्यांनी तो आपला मानला.

२००३च्या ‘झंकार बीट्स’ने पुढचं पाऊल टाकलं. त्यातले दोन मित्रच पंचमचे वेडे चाहते आहेत, संदर्भ ओळखणारा माणूस तिथे पडद्यावर आला. २०११च्या ‘डेल्ही बेली’त ‘सैगल ब्लूज’ आहे. मुंबईच्या चेतन सशितल यांनी सैगलचा तो खर्जातला, नाकातून झिरपणारा आवाज आजच्या शहरी वैतागासाठी वापरला. काही बुजुर्ग सैगलप्रेमींना ती टवाळी वाटली. मला ती वाटत नाही. नक्कल एवढी सुरेल करायची तर मूळ आवाज वर्षानुवर्षं कानात मुरलेला असावा लागतो. शिवाय त्यात सैगलचं नाव गाण्याच्या मथळ्यातच आहे.

मराठीत या धाग्याचं एक टोक आहे. १९८७च्या ‘गंमत जंमत’ या विनोदपटात किशोर स्वतः ‘अश्विनी ये ना’ गायला, आणि आपल्या पिढ्यांना तो तिथेच पहिल्यांदा भेटला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, थोरल्या भावाच्या वाढदिवशी, तो गेला.

हक्कांच्या बाजूने पाहिलं तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. ‘जीवन नैया’ आणि ‘झूला’ची मुद्रणं त्यामुळे केव्हाच मोकळी झाली आहेत. ‘पडोसन’चं मुद्रण २०२८च्या अखेरीस मोकळं होईल. कृतीवर कर्त्याचं नाव असण्याचा हक्क मात्र कायद्याच्या ५७व्या कलमात वेगळा आहे आणि तो मालकी दुसऱ्याकडे गेली तरी जात नाही. दोन्ही गाणी शेजारी ठेवणाऱ्या नव्या चित्रफितींमध्ये अलीकडे कुठे कुठे ‘संगीत : सरस्वतीदेवी’ अशी ओळ दिसायला लागली आहे, आणि ती बहुतेक वेळा गीतकोश उघडून बसलेल्या एखाद्या चाहत्यानेच लिहिलेली असते.