फर्ग्युसन (आडनाव)

फर्ग्युसन हे मूळचे स्कॉटलंडमधले आडनाव. अर्थ सरळ आहे: 'फर्गसचा मुलगा'. फर्गस हे जुने गेलिक नाव, त्यातला 'फेर' म्हणजे पुरुष आणि 'गुस' म्हणजे जोम, बळ. हा 'फेर' आणि संस्कृत 'वीर' एकाच मुळाचे. शेवटचा इंग्रजी 'सन' आणि संस्कृत 'सूनु' यांचेही नाते तसेच. म्हणजे मुंबई इलाख्याच्या फर्ग्युसन आडनावाच्या गव्हर्नराला एखाद्या शास्त्रीबुवांनी 'वीरसूनु' म्हटले असते, तर ते फार चुकले नसते!

फर्गस हे नाव ठिकठिकाणी रूढ असल्याने आयरशर, अर्गाइल, पर्थशर, डम्फ्रीजशर अशा वेगवेगळ्या भागांत ही घराणी उदयाला आली. सगळी एकाच मूळपुरुषाची नव्हेत. रोमन लिपीत कोणी एक 'एस' लिहितात, कोणी दोन. आयरशरमधल्या किलकेरनच्या घराण्यात दोन आहेत आणि पुण्याच्या कॉलेजानेही ते दोन्ही जपले आहेत. देवनागरीत हा फरक उरत नाही. इंग्रजी उच्चार 'फर्गसन'च्या जवळचा. मराठीतला 'ग्यु' बहुधा स्पेलिंगमधल्या 'यू'ने आणला असावा.

महाराष्ट्राशी संबंध आलेले दोन जेम्स फर्ग्युसन नेहमी एकमेकांत मिसळले जातात. पहिले, किलकेरनचे सहावे बॅरोनेट सर जेम्स (१८३२–१९०७). दक्षिण ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचे गव्हर्नरपद भूषवून ते १८८० मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये काढलेल्या कॉलेजाला नाव दिले ते यांचे. १९०७ च्या जानेवारीत जमैकातील किंग्स्टनच्या भूकंपात त्यांचा अंत झाला. त्यांचे पुत्र चार्ल्स आणि नातू बर्नार्ड हे दोघेही पुढे न्यूझीलंडचे गव्हर्नर जनरल झाले. बर्नार्ड दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात 'चिंडिट' या ब्रिटिश छापामार दलाच्या तुकडीचे नेतृत्व करत होते.

दुसरे जेम्स (१८०८–१८८६) बंगालमध्ये निळीच्या व्यापारात पैसा मिळवून वास्तुकलेच्या अभ्यासाकडे वळले. भारतीय लेण्यांवरचा त्यांचा निबंध आणि त्यामागची खटपट यांतूनच ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांच्याकडे सोपवले. जेम्स बर्जेस यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेण्यांवरचा ग्रंथ १८८० चा, म्हणजे पहिले जेम्स गव्हर्नर होऊन आले त्याच वर्षीचा. घोटाळा व्हायला एवढे पुरेसे आहे.

स्कॉटलंडच्या बौद्धिक इतिहासात ॲडम फर्ग्युसन (१७२३–१८१६) यांना मोठे स्थान आहे. नागरी समाजाच्या इतिहासावरील त्यांचा निबंध १७६७ मध्ये प्रसिद्ध झाला. कवी रॉबर्ट फर्ग्युसन एडिनबरोच्या वेड्यांच्या इस्पितळात १७७४ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी वारले. त्यांच्या बेवारस थडग्यावर शिळा बसवली ती रॉबर्ट बर्न्स यांनी. फुटबॉलमध्ये ॲलेक्स फर्ग्युसन (जन्म १९४१) हे १९८६ ते २०१३ मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक होते. त्या काळात संघाने १३ वेळा लीग जिंकली.

आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात जन्मलेले हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) यांनी १९०९ मध्ये स्वतः बांधलेले विमान उडवले. पण त्यांचे खरे काम शेतात दिसते: नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची पद्धत. १९५३ मध्ये त्यांची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि पुढे 'मॅसी फर्ग्युसन' हे नाव रूढ झाले. आपल्याकडचे शेतकरी त्या ट्रॅक्टरला नुसते 'मॅसी' म्हणतात.