विझत जाणारा सूर आणि जॅझ बॅलड

गिटारची एक तार छेडा आणि काहीच करू नका, नुसतं ऐका. आधी टणक आवाज, मग तो गोल होतो, मग बारीक, मग गेला. गायकाला सूर धरता येतो, वाढवताही येतो, सॅक्सोफोनवाल्याला फुंक आहे, व्हायोलिनला गज आहे, गिटारचा सूर मात्र छेडल्या क्षणापासून फक्त कमीच होत जातो. आणि याच वाद्यावर एकट्याने, मागे ना बेस ना ड्रम्स, मिनिटाला ६० बीट्सच्या लयीत बॅलड, म्हणजे संथ गाणं, वाजवायचं तर चार बीट्सचा एक सूर अख्खे चार सेकंद टिकवायचा. मी पहिल्यांदा शिकायला घेतलं तेव्हा वाटलेलं की संथ आहे म्हणजे सोपं असणार. तसं अजिबात नाहीये. फास्ट गाण्यात चूक झाली तरी पुढचा सूर येऊन ती झाकतो, इथे ती समोर उभी राहते.

सूर विझतो का? तारेला आपण बोटाने ठरावीक ऊर्जा देतो, तेवढीच. ती ब्रिजमधून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीतून, लाकडात जाते, लाकूड हवा हलवतं, ते आपल्याला ऐकू येतं, शिवाय थोडी तारेतच उष्णता होऊन जाते. म्हणजे लाकूड जितकं पटकन ऊर्जा बाहेर टाकेल तितका आवाज मोठा पण तितकाच तो लवकर संपणार. जॅझवाल्यांची ती पोकळ, फुगीर गिटार सॉलिड बॉडी इलेक्ट्रिकपेक्षा लवकर शांत होते ती यामुळेच. त्यात वरचे हार्मॉनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर, आधी मरतात, म्हणून सूर विझताना मऊ होत जातो. जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी पिक (तार छेडायची चकती) न वापरता अंगठ्याने वाजवायचे. अंगठ्याचा मांसल भाग रुंद आणि मऊ, तो वरचे हार्मॉनिक्स मुळात कमीच उठवतो, त्यामुळे सूर पहिल्यापासूनच गोल येतो, आधी टणक मग मऊ असा फरक फारसा जाणवत नाही.

आता कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक सूर. सूर टिकत नाही म्हणून मी काय करायचो, तर सहाही तारा दाबून भरगच्च कॉर्ड मारायचो, आणि सगळा चिखल व्हायचा. कारण कानात आहे. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर पहिला फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधला घर) दाबा आणि पाचवी तार मोकळी ठेवा, दोन्ही एकत्र छेडा. एफ साधारण ८७ हर्ट्झ, ए ११० हर्ट्झ, फरक जेमतेम २३. कानाच्या आतल्या पडद्यावर ही दोन कंपनं जवळजवळ एकाच जागी पडतात, एकमेकांत मिसळतात आणि आपल्याला खरखर ऐकू येते. आता तेच दोन सूर दोन सप्तकं वर घ्या, दुसऱ्या तारेवर सहावा फ्रेट आणि पहिलीवर पाचवा. फरक ९१ हर्ट्झ झाला, खरखर गेली, गोड वाटतं. म्हणजे खाली एकटा बेसचा सूर, मग मोकळी जागा, आणि गर्दी करायचीच तर वर.

आणि पाचवा सूर म्हणजे आपला पंचम, तो सरळ गाळायचा! ही गोष्ट मला फार आवडते. सहावी तार मोकळी जोरात छेडा, दोन सेकंदांनी तिच्यावर हात ठेवून ती बंद करा. दुसरी तार हळूच वाजत असेल, पहिलीसुद्धा, जरी तुम्ही त्यांना हात लावलेला नाही. सहाव्या तारेची ८२.४ हर्ट्झ गुणिले ३ म्हणजे २४७, आणि दुसरी तार नेमकी तिथेच लावलेली असते, हाच ई चा पंचम. खालच्या सुराच्या पोटात पंचम आधीच आहे, मग बोट कशाला वाया घालवायचं? कॉर्ड मेजर (उजळ) का मायनर (उदास) हे खालच्या सुरापासूनचा तिसरा सूर सांगतो, पुढे कुठे जायचंय याची ओढ सातवा लावतो. बेस, तिसरा, सातवा आणि वर मेलडी. बस, चार बोटांत गाणं मावतं.

मी जे शिकतोय ते ‘बॉडी अँड सोल’, जॉनी ग्रीनची १९३० ची चाल. ३२ बार, म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन समजा, मुखडा दोनदा, मग ब्रिज (इथे गिटारचा नव्हे, गाण्याचा मधला भाग), मग परत मुखडा. मुखडा डी फ्लॅटमध्ये आणि ब्रिज एकदम अर्धा सूर वर, डी मध्ये, मग सी मध्ये. पियानोवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सगळा नकाशा बदलतो, गिटारवर हाताचा आकार तोच ठेवून एक फ्रेट सरकायचं. कोलमन हॉकिन्स यांनी ऑक्टोबर १९३९ मध्ये सॅक्सोफोनवर हे रेकॉर्ड केलं, त्यात मूळ चाल सुरुवातीला थोडीशीच दिसते आणि बाकी जवळजवळ सगळं त्या आवर्तनावरचं नवीन गाणं आहे. चांगल्या गवयाने बंदिशीचा मुखडा दाखवून लगेच बढतीला लागावं तसं.

हे सुचतं कसं? २००८ मध्ये चार्ल्स लिंब आणि अॅलन ब्राउन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय स्कॅनरमध्ये झोपवून, चुंबकाला चालेल असा ३५ पट्ट्यांचा खास कीबोर्ड देऊन वाजवायला लावलं, एकदा पाठ केलेलं आणि एकदा उत्स्फूर्त. उत्स्फूर्त वाजवताना मेंदूच्या पुढच्या भागाची बाहेरची बाजू, जी आपल्यावर लक्ष ठेवते, चुका तपासते, ती शांत झाली आणि मधला भाग जास्त सक्रिय झाला. पण यावरून ‘विचार बंद करा, आपोआप येईल’ असं म्हणणं मला पटत नाही, ते सहाही जण मुरलेले वादक होते. १९७३ चा चेस आणि सायमन यांचा बुद्धिबळावरचा प्रयोग याला जोडून बघावा: उस्तादाला खऱ्या डावातला पट काही सेकंदांत लक्षात राहतो, पण सोंगट्या कशाही ठेवल्या तर तो जवळपास नवख्यासारखाच अडखळतो. तो सोंगट्या एकेक करून बघत नाही, ओळखीचे गट बघतो. तसंच बारा सुरांतून दर वेळी निवड करत बसलं तर चार सेकंदही पुरत नाहीत, पण टू-फाइव्ह-वन ही जॅझमध्ये सतत येणारी तीन कॉर्ड्सची चाल हातात एक शब्द म्हणून बसली की डोकं मोकळं होतं आणि विझणारा सूर ऐकायला वेळ मिळतो.

माझ्या सरांनी तर पहिला महिनाभर कॉर्ड वाजवूच दिली नाही, आधी चाल गा म्हणाले, मग एकाच तारेवर वाजव, मग गात गात वाजव. तेव्हा राग यायचा, आता कळतं की आतून जो सूर आधी ऐकू येतो त्याच्याकडेच बोट जातं. जॅझ गिटारवादक जो पास यांचं सोलो वाजवणं ऐका, ते बेस, कॉर्ड आणि मेलडी सतत एकत्र वाजवतच नाहीत, एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतात. बेस वाजून गेला की तो आपल्या डोक्यात थोडा वेळ राहतोच, तेवढ्यात ते वर जाऊन दोन सूर घेऊन येतात. सूर विझला तरी ऐकणाऱ्याच्या आठवणीत तो चालू असतो!

सध्या मी ब्रिजच्या शेवटच्या दोन बारांवर अडलोय. तिथे सी, बी, बी फ्लॅट असे तीन सेव्हन्थ (सातव्या सुराचे) कॉर्ड्स एकेक फ्रेट खाली उतरतात आणि मुखड्याच्या ई फ्लॅट मायनरवर येऊन टेकतात. काल रात्री त्यातला बी मी वाजवलाच नाही, सी विझू दिला आणि थेट बी फ्लॅटवर आलो, आणि मधला बी मला स्पष्ट ऐकू आला.