चाक तिकडचं, नांगर इथला

२४ ऑक्टोबर १५८३ रोजी गोव्याहून एका इंग्रज जेझुइट पाद्र्यानं भावाला पत्र लिहिलं. त्यात इथल्या भाषांविषयी जाता जाता एक शेरा होता: उच्चार कानाला खटकत नाहीत, आणि रचना ग्रीक-लॅटिनशी नातं सांगणारी आहे. हे पाद्री म्हणजे पुढं १६१६मध्ये ज्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते फादर थॉमस स्टीफन्स. दोनेक वर्षांनी भारतातच फिलिप्पो सासेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्यानं सप्त, अष्ट, नव आणि इटालियन सेत्ते, ओत्तो, नोव्हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

स्टीफन्स यांचं पत्र छापून आलं थेट १९५७मध्ये. तोवर सगळं श्रेय विल्यम जोन्सला मिळून गेलं होतं. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत जोन्सनं मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, आणि ती मूळ भाषा बहुधा आता उरलेली नाही. साम्य इतरांनाही दिसलं होतं. जोन्सचं म्हणणं वेगळं ठरतं ते या शेवटच्या भागामुळं. संस्कृत या कुटुंबात आई नसून बहीण ठरली.

ती नाहीशी झालेली आई कुठं आणि केव्हा बोलली जात होती? याचा एक धागा आपल्या बैलगाडीत आहे. चाक, आस आणि जू. चाक हे चक्रावरून आलेलं. ग्रीक किक्लोस आणि इंग्रजी व्हील त्याच मुळाचे. आस म्हणजे अक्ष, लॅटिन आक्सिस. जू म्हणजे युग, लॅटिन युगुम, इंग्रजी योक. चाकाचे जुन्यात जुने पुरावे इ.स.पू. ३५००च्या आसपासचे आहेत. भाषा त्याआधीच पांगल्या असत्या, तर प्रत्येकीनं चाकाला आपापलं नाव शोधलं असतं. तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती भाषेत नेमकं तसं झालेलं दिसतं. तिच्यात जू आहे (‘युगन’), पण चाकाला ‘हुर्की’ असा भलताच शब्द. म्हणजे ही बहीण चाक येण्याआधीच घर सोडून गेली असावी.

मारिया गिंबुटास यांनी १९५६मध्ये हे मूळ घर काळ्या आणि कास्पियन समुद्रांच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानात, म्हणजे स्टेपमध्ये दाखवलं. मेलेल्यांवर मातीचे उंच ढिगारे रचणारे गुराखी तिथं राहत. कॉलिन रेन्फ्रू यांचा १९८७चा पर्यायी सिद्धान्त मूळ घर अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) पहिल्या शेतकऱ्यांत शोधत होता. वाद तीस वर्षं घोळत राहिला, कारण मडक्यांना भाषा नसते.

२०१५मध्ये हाडं बोलू लागली. स्टेपमधल्या याम्नाया लोकांचा (सुमारे इ.स.पू. ३३०० ते २६००) डीएनए जर्मनीतल्या, ओल्या मडक्यांवर दोर दाबून नक्षी काढणाऱ्या लोकांत तीन चतुर्थांशाच्या आसपास सापडला. म्हणजे नुसती संस्कृती नव्हे, माणसंच सरकली होती. त्यांच्या वंशजांपैकी काही, वाटेत युरोपातल्या शेतकऱ्यांचं रक्त मिसळून, पुन्हा पूर्वेला वळले. उरलजवळच्या सिंताश्ता संस्कृतीत, इ.स.पू. २०००च्या आगेमागे, आऱ्यांच्या चाकांचे रथ आणि घोडे मृतांबरोबर पुरलेले मिळतात. भारतीयांमधल्या स्टेपच्या अंशात युरोपीय शेतकऱ्यांचा हा धागाही दिसतो. त्यामुळं तो थेट याम्नायांकडून आला नाही, या वळशाच्या वाटेनं आला, हे कळतं.

सप्टेंबर २०१९मध्ये दोन शोधनिबंध जवळजवळ एकदमच आले. पहिला हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळाचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या चमूनं ६१ नमुने तपासले आणि कामाचा डीएनए मिळाला तो एकाच स्त्रीचा. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या बाईत स्टेपचा अंश नाही. दुसऱ्या निबंधात ५२३ प्राचीन माणसांचा डीएनए होता, आणि त्यानुसार स्टेपचे लोक इ.स.पू. २००० ते १५००च्या दरम्यान दक्षिण आशियात पोहोचले. काही लेखकही दोन्हीकडे तेच. तरी एका बातमीत ‘आर्य आलेच नाहीत’ आणि दुसरीत ‘आर्य आले’. माझ्या मते इथं भांडायला जागाच नाही. सिंधू संस्कृतीच्या भरात ते नव्हते आणि ती ओसरल्यावर आले, एवढाच दोन्हींचा अर्थ.

आजच्या भारतीयांत हा अंश कुठं जवळजवळ नाही, कुठं ३० टक्क्यांपर्यंत. बापाकडून मुलाकडं जाणाऱ्या वाय गुणसूत्रात तो जास्त दिसतो, आईकडून येणाऱ्या डीएनएत कमी. भाषेतही अशीच सरमिसळ आहे. गाडीचे शब्द तिकडचे, पण नांगर? लॅटिनमध्ये आरात्रुम, ग्रीकमध्ये आरोत्रोन. आपला नांगर मात्र ‘लाङ्गल’वरून आलेला, आणि तो मुंडा घराण्याच्या (संथाळी, मुंडारी वगैरे) भाषांकडून घेतलेला असावा असं अनेक भाषातज्ज्ञ मानतात. ऋग्वेदातल्या शेतीच्या सूक्तातही तो आहे, म्हणजे उसनवारी तेव्हाच सुरू झाली होती.

महाराष्ट्रात हा विषय कधीच नुसता पुरातत्त्वाचा नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त इराणकडून आलेले भट आणि इथला बळीराजा अशी मांडणी केली. टिळकांनी १९०३मध्ये वेदांतल्या उषःसूक्तांवरून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवापाशी नेलं. ‘बाहेरून आले’ हे पुण्यातल्या या दोघांनाही मान्य. एकाला त्यात अन्याय दिसला, दुसऱ्याला प्राचीनत्व. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६मध्ये वेदांचेच दाखले काढून आर्य-आक्रमणाची कल्पना साफ फेटाळली. या तिघांच्याही हाती डीएनए नव्हता. आज तो हाती असूनही पुष्कळदा त्याच जुन्या बाजू घेऊन भांडण चालतं.

त्या भांडणात ‘आपण इथलेच’ आणि ‘आम्ही बाहेरून आलो’ ही वाक्यं हटकून येतात. समोरच्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’ हा भेद संस्कृतात नाही, हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही. दोन्ही शब्दांची मुळं संस्कृत आहेत, पण भेदाचा साचा तमिळ-तेलुगूच्या घरचा.