डब्याचं झाकण आणि डावाचा दांडा

ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या सेंटरमधला पाळीच्या तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडा. त्यात ‘ईटी’पुढे मिलिमीटरमधला आकडा दिसेल. ही गर्भाशयाच्या अस्तराची जाडी. पाळी संपताना २ ते ४, ओव्ह्युलेशनच्या (बीज सुटण्याच्या) सुमारास साधारण ८ ते १२. ही वाढ करून घेणारं इस्ट्रॅडिओल, म्हणजे शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन हार्मोन, तेव्हा रक्तात मिलिलिटरमागे फार तर काहीशे पिकोग्रॅम असतं, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाहूनही कमी. त्यातलंही सुमारे ९८ टक्के रक्तातल्या प्रथिनांना धरून बसलेलं. पेशीत शिरतं ते उरलेलं मोकळं.

मेदात विरघळत असल्याने ते पेशीच्या आवरणातून सहज आत जातं. केंद्रकात त्याची गाठ पडते इस्ट्रोजेनच्या अल्फा रिसेप्टरशी, म्हणजे हार्मोनला पकडून त्याचा निरोप पुढे नेणाऱ्या, ५९५ अमिनो आम्लांच्या प्रथिनाशी. इथे कुलूप-किल्लीची उपमा हमखास येते, पण ती फसवी आहे. रिसेप्टरची पोकळी इस्ट्रॅडिओलच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणून तर सोयाबीनमधलं जेनिस्टिनही तिथे बसतं, जरा सैलसर. इस्ट्रॅडिओलला एका टोकाला रिसेप्टरच्या साखळीतलं ३५३ क्रमांकाचं अमिनो आम्ल ग्लुटामेट आणि ३९४ वं आर्जिनिन धरतं, दुसऱ्या टोकाला ५२४ वं हिस्टिडिन. मग बारावी हेलिक्स, म्हणजे रिसेप्टरचाच एक मळसूत्री तुकडा, पोकळीवर डब्याच्या झाकणासारखी बसते. झाकण बसलं की बाहेरच्या अंगाला एक खाच तयार होते आणि मदतनीस प्रथिनं तिथे येऊन चिकटतात. रिसेप्टर जोडीने डीएनएवर बसतात नि जनुकं चालू होतात. त्यातलंच एक प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे ओव्ह्युलेशननंतर वाढणाऱ्या हार्मोनच्या, रिसेप्टरचं. आधी इस्ट्रोजेन मिळालं नसेल तर अस्तर प्रोजेस्टेरॉनला फारशी दाद देत नाही. उलट प्रोजेस्टेरॉन आलं की ते इस्ट्रोजेनचे रिसेप्टर कमी करून वाढीला लगाम घालतं. पीसीओएसमध्ये, म्हणजे बीजकोशाच्या हार्मोन बिघडलेल्या विकारात, ओव्ह्युलेशन चुकत राहिलं की हा लगाम नसतो. अस्तर वाढतच जातं आणि उशिरा आलेली पाळी खूप जाते.

स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन हे औषध याच पोकळीत बसतं, पण त्याची लांब बाजूशाखा बाहेर राहते. डब्यात डाव ठेवून झाकण लावायला जावं आणि दांडा आड यावा, तसं. झाकण सरकतं ते थेट मदतनिसांच्या खाचेवर. स्तनात काम थांबतं. गर्भाशयात मात्र मदतनीस वेगळे, आणि रिसेप्टरचं दुसरं टोक झाकणावाचूनही थोडं काम करतं. तिथे तेच औषध अस्तर वाढवू शकतं.

म्हणून पाळी कायमची गेल्यावर टॅमॉक्सिफेन चालू असताना रक्ताचा एखादा डाग जरी दिसला, तरी पुढच्या तपासणीची तारीख न बघता डॉक्टरांना सांगावं. तक्रार काही नसताना नुसती ईटी मोजत बसण्यात मात्र फारसा अर्थ नाही: या औषधाने अस्तराखालचा थरही बदलतो आणि सोनोग्राफीत तो जाड अस्तरासारखाच दिसतो.