टेक्सासमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार: परवाना, जमिनीचा लीज आणि लागणारी कागदपत्रे

टेक्सासमध्ये हरणाच्या शिकारीचा सरकारी परवाना दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या मिळतो. अवघड काम त्यानंतरचे आहे: शिकार करायची कुठे? राज्यातली सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे आणि मालकाच्या संमतीशिवाय तिथे शिकार करणे हा फौजदारी गुन्हा आहे. त्यात हरीण मारले गेले तर तो थेट तुरुंगवासाच्या शिक्षेचा गुन्हा ठरतो. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला तर असा गुन्हा आयुष्यभर नडू शकतो. म्हणून इथे परवान्याची माहिती थोडक्यात दिली आहे आणि जमिनीच्या कागदांवर जास्त लिहिले आहे.

आपण ज्या कायद्याखाली वाढलो तो वेगळा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे; महाराष्ट्रात हौस म्हणून हरीण मारण्याची कोणतीही कायदेशीर वाट नाही आणि ती नसावीच. टेक्सासची परिस्थिती निराळी. इथे पांढऱ्या शेपटीची हरणे, म्हणजे व्हाइटटेल, पन्नास लाखांच्या वर आहेत. शिकारीच्या परवान्याचे पैसे वन्यजीव खात्याकडे जातात, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवर वसूल होणारा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव कामाला मिळतो. धनुष्यबाणाचे सामानही पुढे याच करात आले.

पात्रता: कोणाला परवाना मिळतो

परवाना टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंट देते. नागरिकत्वाची अट नाही. प्रश्न फक्त रहिवासी की बाहेरचे, एवढाच. अर्ज करण्याआधी सलग सहा महिन्यांहून जास्त काळ टेक्सासमध्ये राहत असाल तर तुम्ही रहिवासी. एच-वन-बीवर असलेला, ग्रीन कार्डवाला, नागरिक, सगळ्यांना हाच नियम. २०२४-२५ च्या दरानुसार रहिवाशाचा शिकार परवाना २५ डॉलर, बाहेरच्याचा ३१५ डॉलर. १७ वर्षांखालील मुलांचा परवाना ७ डॉलरला मिळतो. बाहेरच्यांसाठी ४८ डॉलरचा पाच दिवसांचा एक स्वस्त परवाना आहे, पण तो व्हाइटटेलला चालत नाही. भारतातून आलेल्या भावाला नाताळात शिकारीला न्यायचे म्हणून अनेकजण तो घेतील, तेव्हा हे आधीच लक्षात ठेवा.

धनुष्यबाणाच्या खास हंगामात हरीण मारायचे तर परवान्यावर ७ डॉलरचे आर्चरी एन्डॉर्समेंट, म्हणजे धनुष्यबाणाची जादा परवानगी, लागते. मासेमारीसह सगळे एकत्र हवे असेल तर ६८ डॉलरच्या सुपर कॉम्बोमध्ये ते आलेले असते.

दुसरी अट प्रशिक्षणाची. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. १७ वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. वेळच नसेल तर १० डॉलर भरून एकदाच सवलत मिळते. मात्र त्या काळात कोर्स झालेला किंवा जन्मतारखेमुळे सूट असलेला, १७ वर्षांवरचा परवानाधारक सोबत हवा. ही सवलत घेऊ नका असे मी सांगेन. बाण कुठे लागला म्हणजे जनावर लवकर आणि कमी यातनांत मरते, आणि कोणत्या कोनातून बाण सोडूच नये, हे त्या कोर्सच्या विषयांत येते, आणि धनुष्य हाती घेणाऱ्याला ते माहीत नसणे मला मान्य नाही.

अर्जाच्या वेळी फोटो असलेले ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून टेक्सासचे ड्रायव्हिंग लायसन्स, सहा महिन्यांची विजेची बिले, पगारपत्रके, गाडीची नोंदणी असे कागद हाताशी असू द्या. परवाने दरवर्षी १५ ऑगस्टच्या सुमारास विक्रीला येतात आणि १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे वर्ष धरले जाते.

व्हिसावर असाल तर धनुष्यच का बरे

एच-वन-बी, एफ-वन यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. त्याला एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असणे. म्हणजे परवाना ३१ ऑगस्टला संपला, नवा घ्यायचा राहिला आणि बंदूक घरात पडून राहिली, की त्या दिवसापासून तुम्ही केंद्रीय गुन्ह्यात. ग्रीन कार्डवाल्यांना हे बंधन नाही.

धनुष्य कायद्याने बंदूक ठरत नाही. कंपाउंड बो असो, रिकर्व्ह असो की क्रॉसबो, हा अपवाद-बिपवादाचा प्रश्नच येत नाही. मित्राच्या ट्रकमध्ये मात्र रायफल असेल आणि ती तुमच्या हाती येणार असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

हंगाम आणि टॅग

धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरच्या किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होऊन ३५ दिवस चालतो. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सर्वसाधारण हंगाम उघडतो. तेव्हा धनुष्य चालतेच, पण आसपास रायफलीही असतात. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. डॅलसच्या बाजूला राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे की कॉलिन, डॅलस, रॉकवॉल आणि ग्रेसन या काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) हरणासाठी फक्त धनुष्यच वापरता येते.

परवान्यासोबत टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाला लावायच्या चिठ्ठ्या, मिळतात. किती हरणे मारता येतात, हे काउंटीप्रमाणे बदलते. बऱ्याच काउंट्यांत नराच्या शिंगांचाही नियम आहे: दोन्ही शिंगांमधले आतले अंतर किमान १३ इंच असावे, किंवा निदान एक शिंग बिनफाट्याचे असावे. तरुण नर वाचून ते वयात यावेत हा त्यामागचा हेतू. कान दोन्ही बाजूंना पसरलेले असताना त्यांच्या टोकांपलीकडे शिंगे जात असतील तर नर १३ इंचांच्या वर आहे, असा अंदाज शिकारी बांधतात. शंका आली तर बाण सोडू नये.

जमीन: लीज, एक दिवसाची परवानगी, की गाईड

पर्याय साधारण तीन. हंगामी किंवा वार्षिक लीज, ज्यात तुम्ही आणि तुमचा गट ठरलेल्या काळासाठी शिकारीचा हक्क घेता. डे लीज, म्हणजे एक-दोन दिवसांपुरती परवानगी. आणि पॅकेज हंट, ज्यात राहणे, जेवण, मचाण, गाईड असे सगळे त्या रँचचे.

कोणताही पर्याय घ्या, सुरुवात एकाच ठिकाणाहून करा. आपल्याकडे जमीन घेण्याआधी सातबारा काढतात, तसे इथे त्या काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे करासाठी जमिनीचे मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर मालकाचे नाव, एकर आणि नकाशा बघता येतो, तोही फुकट. जो माणूस तुमच्याकडून लीजचे पैसे मागतो त्याचे नाव तिथे नसेल, तर त्याला मालकाचे अधिकारपत्र मागा. जमीन दाखवण्याआधी फोनवरून आगाऊ पैसे मागणाऱ्याशी व्यवहारच करू नका.

पैसे घेऊन शिकारीला जमीन देणाऱ्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला राज्याचा हंटिंग लीज परवाना लागतो. हा परवाना तुमचा नाही, त्यांचा. ५०० एकरांखाली ७९ डॉलर, ५०० ते ९९९ एकरांना १४७ आणि त्यावर २५२ डॉलर असे त्याचे शुल्क आहे. त्यासोबत शिकाऱ्यांची नावे, पत्ते, परवाना क्रमांक आणि मारलेली जनावरे यांची नोंदवही ठेवावी लागते. तुमचे नाव त्या वहीत चढले की नाही, हे स्वतः बघा. गेम वॉर्डन, म्हणजे वन्यजीव खात्याचा तपासणी अधिकारी, आला तर ती नोंद तुमच्या कामी येते.

करार तोंडी करू नका. रँचवाले सरळ आणि शब्दाचे पक्के असतात, हस्तांदोलनावर वर्षानुवर्षे चालणारे लीजही आहेत. तरीही नवख्या माणसाने लेखीच घ्यावे. करारात दोन्ही पक्षांची नावे, जमिनीचे वर्णन व नकाशा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, रक्कम आणि हप्ते हे असतेच. ज्या गोष्टी राहून जातात त्या अशा: नर किती, माद्या किती, आणि कोणता नर मारायचा हे कोण ठरवणार. पाहुणा आणता येईल का, मुलांचे पैसे वेगळे का. हरणांसाठी मका टाकणारे फीडर आणि मचाण कोणाचे, हंगाम संपल्यावर ते तिथेच राहतील का. दुसरे शिकारी त्याच वेळी आत असतील का. टेक्सासमध्ये जमिनीच्या पोटातल्या तेलाचा हक्क बऱ्याचदा वेगळ्याच कंपनीकडे असतो आणि चराईचा हक्क तिसऱ्याच गुराख्याकडे. हे लोक ऐन हंगामात गाड्या घेऊन आत येऊ शकतात. त्याची कल्पना आधी असावी. फाटकांचे नियम तर वेगळे लिहून घ्यावेत: उघडे फाटक उघडे, बंद फाटक बंद. गुरे रस्त्यावर गेली तर पुढच्या वर्षी लीज मिळणार नाही.

मालक एक दायित्वमुक्तीचा कागद समोर ठेवेल. इजा झाली तर आम्ही जबाबदार नाही, असा त्याचा अर्थ. इथे ही रीतच आहे, राज्याचा कायदाही मनोरंजनासाठी जमीन उघडणाऱ्या मालकाला बरेच संरक्षण देतो. वाचून सही करा, प्रत ठेवा. गटाने लीज घेत असाल तर विमा मागितला जाऊ शकतो.

हद्दीचे तेवढे पाठ करून ठेवा. झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर तो 'प्रवेश बंद'च्या पाटीइतकाच कायदेशीर असतो. बाण लागलेले हरीण कुंपण ओलांडून गेले तरी त्याच्यामागे शेजाऱ्याच्या जमिनीत शिरता येत नाही. आधी त्या मालकाची परवानगी. म्हणून हंगामाआधीच शेजारच्या रँचवाल्यांचे फोन नंबर घेऊन ठेवा. अंधार पडत असताना, जनावर जखमी असताना, ते शोधत बसण्याची वेळ नको.

गाईडसोबत जाताना

पैसे भरण्याआधी पहिला प्रश्न: उंच कुंपणाची रँच आहे की मोकळी? टेक्सासमध्ये आठ फुटी कुंपणाआड पाळून वाढवलेले मोठ्या शिंगांचे नर कायदेशीरपणे मिळतात. पण १९६१ पासून धनुष्यबाणाच्या शिकारीची नोंद ठेवणारा पोप अँड यंग क्लब आणि बून अँड क्रॉकेट क्लब हे दोघेही कुंपणाआडची शिकार नोंदवत नाहीत. पोप अँड यंगची व्हाइटटेलसाठी किमान मोजणी, म्हणजे शिंगांच्या वेगवेगळ्या मापांची बेरीज, सरळ शिंगांना १२५ इंच, वेड्यावाकड्यांना १५५. शिंगे ६० दिवस सुकल्याशिवाय अधिकृत मोजणी होत नाही. माझे मत विचाराल तर बाहेर पडायला वाट नसलेल्या जनावरावर हजारो डॉलर घालवण्यापेक्षा मोकळ्या रानात मादी घेऊन परतणे शंभर पटींनी चांगले.

दुसरा प्रश्न जखमी जनावराचा. बहुतेक रँचवर रक्त दिसले की शिकार संपली आणि पूर्ण रक्कम देय, असा नियम असतो. तो योग्यच आहे, फक्त तो लेखी असावा. अनामत परत मिळते का, दर शिंगांच्या इंचांवर आहे का, मांस साफ करण्याचे आणि गाईडच्या बक्षिशीचे पैसे वेगळे का, हेही विचारा. मॅनेज्ड लँड्स डिअर प्रोग्रॅम या खात्याच्या हरीण-व्यवस्थापन योजनेखालची रँच असेल तर तिथे तुमच्या परवान्यावरचा टॅग वापरायचा नसतो, रँचला मिळालेला वेगळा टॅग लावतात.

लीज परवडत नसेल तर ४८ डॉलरचा ॲन्युअल पब्लिक हंटिंग परमिट आहे. सुमारे दहा लाख एकर सार्वजनिक जमीन त्यात उघडते. तिथे धनुष्य असले तरी नारिंगी जाकीट-टोपीचे नियम लागू होतात. शिवाय खात्याच्या सोडतीच्या शिकारी असतात, त्यांत धनुष्यबाणाच्या वेगळ्या.

आपल्याकडचे चितळ, काळवीट आणि नीलगायही टेक्सासच्या रँचवर आहेत. नीलगाय दक्षिणेतल्या किंग रँचने शंभरएक वर्षांपूर्वी आणली. ही परदेशी जनावरे धरली जात असल्याने त्यांना राज्याचा हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. शिकार परवाना आणि मालकाची संमती मात्र हवीच. बाहेरच्यांचा ४८ डॉलरचा परवाना इथे चालतो.

हरीण पडल्यावर

जागच्या जागी टॅग लावा: तारीख आणि महिना कापायचा, रँचचे नाव व काउंटी शाईने लिहायची. परवान्यामागच्या नोंदीतही भरा. डिजिटल परवाना असेल तर खात्याच्या ॲपवरून लगेच नोंद. खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा गुन्हा आहे. घरात खाणारे नसतील तर हंटर्स फॉर द हंग्री या उपक्रमातल्या प्रक्रिया केंद्रावर मांस दान करता येते.

हरणांमधला सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग टेक्सासमध्ये २०१२ मध्ये प्रथम आढळला. त्यावर उपाय नाही. माणसाला तो झाल्याचे दिसलेले नाही, पण बाधित जनावर खाऊ नये असे केंद्रीय आरोग्य यंत्रणा सांगते. डोके आणि कणा कुठे टाकायचा याचे नियम त्यासाठीच आहेत, आणि इतर राज्यांत डोके नेण्यावर बंधने असतात. निघण्याआधी त्या वर्षीचे नियम खात्याच्या संकेतस्थळावर पाहा.

शिंगे भारतात नेऊ नका. आयातीला परवानग्या लागतात, आणि चितळाचे शिंग तर कस्टमच्या टेबलावर संरक्षित भारतीय प्राण्याचेच दिसणार.

चांगले लीज हंगाम संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत मोकळे होतात. गटातला कोणी सोडून जातो तेव्हा जागा निघते. चौकशी तेव्हाच सुरू करा, ऑगस्टमध्ये परवाना घ्या, आणि मधले महिने २० यार्डांवरून रोज बाण मारा.