जकातीतून झाडं लावायची? थांबा, आधी वक्फ बघा

रमजान लागला की मोबाइलवर आवाहनं सुरू होतात: तुमच्या जकातीतून झाडं लावा, गावाला विहीर द्या. कळकळ खरी असते, पण पैसा चुकीच्या खात्यातून मागितला जातो आणि दरवर्षी तोच घोळ होतो.

जकात म्हणजे मुसलमानाने द्यायचं वार्षिक दान: निसाबाएवढा (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) किंवा त्याहून जास्त माल वर्षभर राहिला तर त्याचा २.५ टक्के, हे अनेकांना पाठ असतं. ती फर्ज, म्हणजे बंधनकारक धार्मिक कर्तव्य; वक्फ, म्हणजे मालमत्ता कायमची धर्मादाय कामासाठी राखून ठेवणं, ऐच्छिक, हेही ते जाणतात.

अडतं ते मालकीवर. कुराणातल्या सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. हनफी फिक्हप्रमाणे (इस्लामी कायद्याची एक परंपरा) जकातीची रक्कम किंवा वस्तू पात्र माणसाच्या मालकीची करून द्यावी लागते, हीच तमलीक. दुष्काळात खचलेल्या, जकातीस पात्र शेतकऱ्याला सौरपंप घेऊन त्याच्या नावावर केला, तर जकात अदा झाली. तोच पंप मशिदीच्या विहिरीवर बसवला तर झाली नाही. विहिरीचं पाणी सगळा गाव प्याला तरी देणाऱ्यावरचं फर्ज तसंच उरतं.

वक्फमध्ये मालमत्ता कुणाच्याच हातात जात नाही. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी अरबस्तानातल्या खैबरची जमीन वक्फ केली, ती याच अटीवर: विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, फक्त उत्पन्न गरजूंवर खर्चायचं. झाडांना आणि पाणलोटाला नेमकं हेच लागतं. रोप लावायला एक सकाळ पुरते, पण पुढची अनेक वर्षं पाणी, कुंपण, राखण यांचा खर्च कोण देणार? उत्पन्न देणारी मालमत्ता आणि जबाबदार मुतवल्ली (वक्फ सांभाळणारा) नसेल तर वृक्षारोपणाचे फोटो मला बघवत नाहीत.

इंडोनेशियात वेगळं घडलं आहे. तिथल्या उलेमा (धर्मपंडित) कौन्सिलने २०१५ मध्ये पाणी आणि स्वच्छतेसाठी जकात वापरायला मुभा दिली, आणि जांबी प्रांतात बाझनास या राष्ट्रीय जकात संस्थेने यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साथीने जकातीच्या पैशातून लघुजलविद्युत प्रकल्प उभा केला. उत्तम काम आहे. पण ते तिथल्या उलेमांच्या निर्णयावर उभं आहे. त्याचा दाखला देऊन इथल्या हनफी माणसाची जकात विहिरीत घालणं मला पटत नाही; आपल्या मुफ्तींना विचारावं.

माझा आग्रह एवढाच: जकात पूर-दुष्काळाने उघड्यावर आलेल्यांच्या हातात पडावी, झाडं, तलाव, सार्वजनिक सौरऊर्जा वक्फ आणि सदका-ए-जारियातून (ज्याचा लाभ पुढेही चालू राहतो असं ऐच्छिक दान) व्हावी. निधी गोळा करणाऱ्यांनी पावतीवर दोन्हींचे रकाने वेगळे छापावेत आणि हिशेबही वेगळा दाखवावा.